मध आणि मेणाचे रंग कसे वाचायचे: नाशिककडच्या नव्या मधपाळांसाठी

मध विकायला बसलं की गिऱ्हाईक बाटली उजेडात धरतं आणि विचारतं, "एवढा काळा? गूळ आहे का यात?" शेजारी मेणाची वडी असली तर तिच्याकडे बघून, "ही एवढी पिवळी कशी, हळद घातली का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, कारण रंग आणि चव सोडली तर गिऱ्हाइकाच्या हातात तपासायला दुसरं काही नसतं. पण रंगावरून शुद्ध-अशुद्ध ठरत नाही. माशी कोणत्या फुलावर होती, पोळं किती जुनं होतं आणि काढणाऱ्याने मालाला किती ताप दिला, एवढंच रंग सांगतो. पहिल्या दोन गोष्टींवर आपला फारसा ताबा नसतो. तिसरीवर पूर्ण असतो, आणि नवशिक्यांचा माल बिघडतो तोही तिथेच.

ज्यांच्या बांधावर किंवा गच्चीवर एक-दोन पेट्या नुकत्याच आल्या आहेत, आणि जे पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मध-मेण विकत आणतात, अशा दोघांनाही पुढचं उपयोगी पडेल.

आधी हे समजून घ्या: रंग येतो कुठून

मेण माशीच्या अंगातून निघतं. कामकरी माशी साधारण १२ ते १८ दिवसांची असते तेव्हा तिच्या पोटाखालच्या चार जोड ग्रंथींतून ते पाझरतं आणि हवा लागताच त्याचे बारीक खवले होतात. फुलोरा जोरात असताना पेटीची तळफळी काढून बघा, काही खवले खाली पडलेले सापडतील: अभ्रकाच्या कपच्यांसारखे, पातळ आणि जवळजवळ बिनरंगी. म्हणजे मेण जन्मतः पांढरं असतं. पिवळेपणा नंतर चढतो. परागातली रंगद्रव्यं तेलात-मेणात विरघळणारी असतात. माशा पायाला पराग घेऊन त्याच पोळ्यावर दिवसभर फिरतात, घरं घासतात, झाडांची राळ आणून फटी लिंपतात. त्या वावरात मेण पिवळं होत जातं.

तपकिरी आणि काळा रंग पिल्लांच्या पोळ्याचा. त्या घरातून माशी बाहेर पडली की तिच्या कोशाचं पातळ अस्तर आणि विष्ठा आत राहते. माशा घर साफ करतात, पण अस्तर निघत नाही. पिढ्यांवर पिढ्या निघाल्या की नवं असताना पिवळसर दिसणारं पोळं काळं ठिक्कर होतं. ते मेण खोटं नसतं, फक्त त्यात मेणापेक्षा बाकीचाच ऐवज जास्त असतो.

मधाचा रंग मुख्यतः फुलाचा असतो. मकरंदातली वनस्पतींची रंगद्रव्यं, पॉलिफेनॉल आणि खनिजं यांवर तो ठरतो. गडद मधात खनिजं बहुधा जास्त असतात. जुन्या काळ्या पोळ्यात साठवलेला मधही थोडा गडद निघतो. त्यावर मग वयाचा आणि उष्णतेचा रंग चढतो. कोणताही मध ठेवून ठेवून गडदच होतो, फिका होत नाही. अपवाद फक्त गोठण्याचा, त्याबद्दल पुढे.

नाशिक जिल्ह्याचा फुलोरा तोंडपाठ करा

रंग वाचायचा तर आधी आजूबाजूला काय फुललंय ते माहीत हवं. आपला जिल्हा या बाबतीत विचित्र आहे. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याचा पावसाचा डोंगरपट्टा, मध्ये दिंडोरी-निफाडची द्राक्षं, पूर्वेला आणि उत्तरेला येवला, चांदवड, देवळा, सटाणा, मालेगावकडे कांदा आणि डाळिंब. तीस-चाळीस किलोमीटरवर पेटी हलवली की मधाचा रंग बदलतो.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा खुरासणीचा, म्हणजे पिवळ्या फुलांच्या त्या तेलबियांच्या पिकाचा काळ. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे डोंगरउतार पिवळे होतात. हा मध सोनेरी पिवळा असतो आणि लवकर गोठतो. खुरासणीचा पराग गडद पिवळा असल्याने या दिवसांत बांधलेलं पोळंही झळझळीत पिवळं होतं. गिऱ्हाइकाला हळद वाटते ती हीच. हरसूलच्या बाजारात मध घेऊन बसलेल्या बाईंना मी विचारलं, "मावशी, कशावरचा हा?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता दुसरं काय फुलतंय? खुरासणीचाच." फुलोरा डोळ्यांसमोर असला की बाटलीवरचं लेबल लागत नाही, ते असं.

कारवी या डोंगरी झुडपाची गोष्ट वेगळी. ती सात वर्षं वाढते आणि मग एकदाच, पावसाळा ओसरता ओसरता, सगळी एकदम फुलते. एकेका डोंगराचं साल वेगळं असतं, त्यामुळे त्र्यंबक-इगतपुरीकडच्या जाणत्या माणसाला विचारून ठेवावं. हा मध गडद आणि दाट. त्यात साखरेचं प्रमाणही इतर मधांपेक्षा वेगळं पडतं, इतकं की अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत कारवीच्या मधाला सुक्रोजची मर्यादा ५ ऐवजी १० टक्के ठेवलेली आहे. कारवीचा मध प्रयोगशाळेत पाठवाल तेव्हा तो कारवीचा आहे हे आधी कळवा, नाहीतर अहवाल बघून उगाच धसका घ्याल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे डोंगळे फुलतात. बियाण्याचा प्लॉट असलेले शेतकरी या दिवसांत पेट्या मागतात, कारण माशीशिवाय बी नीट भरत नाही. डोंगळ्याचा मध सोनेरी ते तांबूस असतो. काढल्या काढल्या त्याला कांद्याचा हलका दर्प येतो, तो काही आठवड्यांनी जातो. घाईने विकू नका. शेवगाही याच सुमारास असतो. मार्च-एप्रिलला जांभूळ: गडद, तांबूस-तपकिरी, शेवटी जिभेवर किंचित कडवट-तुरट. "काळा मध" म्हणून लोक खास मागतात तो पुष्कळदा हाच. निलगिरीचा मध मध्यम तांबूस.

द्राक्षाचा मध असा काही नसतो. द्राक्षाच्या फुलाला मकरंद नसल्यासारखाच असतो आणि फळधारणेला माशीही लागत नाही. "द्राक्षबागेतला मध" म्हणून जो विकला जातो तो बांधावरच्या तणाफुलांचा आणि शेजारच्या पिकांचा. उलट ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर फवारण्यांचा धडाका असतो, तेव्हा पेट्या तिथून हलवणंच बरं.

डाळिंबाचा कोणता बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, धरलाय यावर त्या भागातलं गणित बदलतं: आंबे, मृग की हस्त. बागवाल्यालाच विचारा.

आणखी एक रंग ओळखायला शिका, तो म्हणजे पाकाचा. पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा वसाहत जगवायला साखरेचा पाक द्यावा लागतो. त्यात गैर काही नाही. पण तो पाक सुपरमध्ये, म्हणजे पेटीच्या वरच्या मधाच्या खणात साठला आणि सप्टेंबरच्या पहिल्या उताऱ्यात निघाला तर बाटलीत अगदी फिकट, स्वच्छ, देखणा "मध" दिसतो, ज्याला ना वास ना चव. पाकावर बांधलेलं पोळंही पांढरंफेक असतं, कारण त्यावर परागाचा वावर नाही. फिकट म्हणजे उत्तम असं मानणाऱ्यांची फसगत इथे होते. सुपर चढवण्याआधी पाक बंद करायचा, हा साधा नियम पाळा.

मधाचा रंग बघायची रीत

बाजारात रंग मोजायला प्फुंड मोजपट्टी वापरतात. तिच्यावर रंग मिलिमीटरमध्ये सांगतात: ८ पर्यंत म्हणजे पाण्यासारखा पांढरा, ५१ ते ८५ फिकट अंबर, ११४ च्या पुढे गडद अंबर. निर्यातदाराशी बोलताना हे आकडे कानावर पडतात. एक-दोन पेट्यांच्या माणसाला ते उपकरण घ्यायची गरज नाही. घरी असं करा.

एकसारख्या, सपाट बाजूच्या, बिनरंगी काचेच्या लहान बाटल्या घ्या. सगळ्या एकाच मापाच्या हव्यात, कारण रंग जाडीवर अवलंबून असतो. तोच मध बरणीत काळा आणि चमच्यात सोनेरी दिसतो. यावरून किती भांडणं होतात! मध गाळून एक-दोन दिवस स्थिर ठेवा, म्हणजे बुडबुडे वर येतील. बुडबुडे आणि परागाचा गढूळपणा रंग फसवा दाखवतात. मागे पांढरा कागद धरा आणि दिवसाच्या उजेडात, उन्हाच्या थेट झोतात नव्हे, खिडकीपाशी बघा. ट्यूबलाइट किंवा पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका.

प्रत्येक उताऱ्याची एक बाटली बाजूला काढा आणि चिठ्ठी लावा: गाव, महिना, आजूबाजूला काय फुललं होतं. वर्षभरात तुमच्याकडे तुमच्याच मधाची रंगपट्टी तयार होते, आणि ती कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा खरी असते. फक्त या बाटल्या अंधारात ठेवा, नाहीतर नमुनेच गडद होत जातील आणि पुढच्या वर्षी तुलना चुकेल.

पिळून काढलेल्या मधाचा रंग वेगळ्या हिशेबाने वाचायचा. आग्या माशीचं एकच मोठं पोळं असतं. जुन्या पद्धतीने ते सगळं पिळलं की मधाबरोबर पराग आणि कधी पिल्लांचा रसही उतरतो. तो मध गढूळ, तपकिरी दिसतो आणि त्यात पाणीही जास्त असतं. मानकाप्रमाणे मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नको. जास्त असलं तर तो आंबतो, वर फेस धरतो. जंगलातला मध घेताना रंगापेक्षा फेस आणि आंबूस वास बघा, आणि शक्य असेल तर पोळ्याचा मधाचा भाग वेगळा कापून पाझरवलेलाच मध घ्या.

निफाडची थंडी आणि गोठलेला मध

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो आणि आमचे फोन सुरू होतात: "अहो, मधाची साखर झाली." झालेली नाही. मधातलं ग्लुकोज दाणे धरतं आणि त्याला सगळ्यात सोयीचं तापमान साधारण १४ अंश. खुरासणी, सूर्यफूल, मोहरी यांचे मध लवकर गोठतात, काही मध महिनोन् महिने पातळ राहतात. गोठला की रंग एकदम फिका पडतो, कारण दाणे उजेड विखुरतात. सोनेरी मध लोण्याच्या रंगाचा होतो. पुन्हा पातळ केला की मूळ रंग परत येतो.

पातळ करायचा तर बरणी ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात ठेवा, बोट सुखाने बुडवता येईल इतपत. पाणी निवलं की बदला. वेळ लागतो, लागू द्या. गॅसवर पातेलं ठेवून मध उकळत्या पाण्यात तापवला की तो तासाभरात पातळ होतो खरा, पण रंग एक छटा गडद होतो, वास उडतो आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं. मानकात त्याची मर्यादा किलोला ८० मिलीग्रॅम आहे. एप्रिल-मे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून दिलेला मधही याच वाटेने जातो, गॅस न पेटवता. मध घरात, गार कोपऱ्यात, काचेच्या बरणीत ठेवा. मध आम्लधर्मी असतो, गंजक्या पत्र्याच्या झाकणाला लागला की तिथे काळा पडतो.

आणि हो, मध कितीही शुद्ध असला तरी एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवू नका.

मेण वितळवण्याआधी: ढीग वेगळे करा

मेणाचा रंग हातातून जातो तो पातेल्यात नव्हे, त्याच्या आधी. मध काढताना मधाच्या घरांवरून कापलेली मेणाची झाकणं, सुपरमधलं पिवळं पोळं आणि पिल्लांचं काळं पोळं, हे सगळं एकाच पिशवीत कोंबलं की वडी तपकिरी होणार. मूठभर काळं पोळं पातेलंभर झाकणांचा रंग बिघडवतं. म्हणून तीन डबे ठेवा.

झाकणांचं मेण सगळ्यात फिकट. त्यावर मध चिकटलेला असतो, तो आधी चाळणीवर निथळू द्या, मग गार पाण्याने धुवा. सुपरचं पोळं दुसऱ्या डब्यात. काळं पोळं तिसऱ्यात, आणि ते फार दिवस ठेवू नका. मेणकिड्याची अळी कोशांच्या अस्तरावर आणि परागावर पोसते, त्यामुळे ती काळं पोळं आधी धरते, कोरं मेण सहसा सोडून देते. फ्रेमच्या एका कोपऱ्यात जाळी दिसली तर आठवड्याभरात सगळं पोळं भुगा झालेलं बघाल.

मेण वितळवणं

भांडं स्टीलचं घ्या. नाशिककरांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तांबट लेन आणि भांडीबाजार आपल्याच गावात, आणि घरात आजीचं तांब्या-पितळेचं एखादं पातेलं पडलेलं असतंच. दिसतं छान, पण तांबं आणि पितळ मेणाला हिरवट करतं. लोखंडी कढईत मेण तपकिरी-करडं होतं. हा रंग गाळून जात नाही. कल्हई पूर्ण शाबूत असेल तर चालेल असं म्हणतात, पण कल्हई कुठे उडालीय ते आपल्याला दिसतं थोडंच. स्टील वापरा आणि हे भांडं मेणालाच ठेवा. पुन्हा त्यात भाजी होत नाही.

पाणी मऊ हवं. बोअरचं जड पाणी वापरलं की त्यातले क्षार मेणातल्या आम्लांना धरतात आणि वडीखाली चिखलासारखा करडा लगदा होतो, जो ना मेण ना पाणी. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं स्वच्छ पाणी सर्वांत बरं, नाहीतर आरओचं. तेही नसेल तर लिटरभर पाण्याला एक-दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. लगदा झालाच असेल तर तो टाकू नका, मऊ पाणी आणि व्हिनेगर घालून पुन्हा वितळवला की बरंचसं मेण सुटतं.

आता काम. काळं पोळं असेल तर ते आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. कोशांची अस्तरं मेण शोषून घेतात, त्यांनी आधीच पाणी प्यायलेलं असलं की मेण कमी वाया जातं. भिजवलेलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, ते ओतून द्या. झाकणांना भिजवायची गरज नाही.

पोळं जुन्या धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या कापडात बांधून गाठोडं करा. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, गाठोडं बुडवा, वर दगड किंवा स्टीलचं वजन ठेवा. मंद आच. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तेव्हा पाणी ७० ते ७५ पर्यंत गेलं की पुरे. थर्मामीटर घ्याच, अंदाजाने हे जमत नाही. ८५ च्या पुढे मेण करपट तपकिरी व्हायला लागतं, आणि पाणी उकळून खदखदलं की मेण-पाणी-घाण एकजीव होतं. काठीने गाठोडं हलकेच दाबत राहा. मेण पाण्यावर तरंगत येईल.

आच बंद करा, झाकण ठेवा, पातेल्याभोवती गोधडी गुंडाळा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. हळू निवलं तरच घाण खाली बसते. घाईत गार केलेली वडी तडकते आणि तिच्यात रेघा राहतात.

सकाळी वडी कडेने सुटलेली असते. उचला आणि पालथी करा. वरची बाजू गुळगुळीत, एकरंगी. खालच्या बाजूला करडा-तपकिरी भुसभुशीत थर, नखाने निघेल असा. नीट बघितलं तर त्यात परागाचे रवे दिसतात, कोशाचे धागे, माशीचा एखादा पाय, कधी अख्खा पंख. थराच्या अगदी खाली ओलसर, दुधट पाणी. हा थर सुरीने किंवा जुन्या चमच्याने पिवळं मेण दिसेपर्यंत खरवडून काढा. इथे आळस केला तर तीच घाण पुढच्या वितळवणीत पुन्हा मेणात फिरते.

दुसऱ्यांदा वितळवताना गाठोडं नको. पाण्याच्या मोठ्या पातेल्यात छोटं पातेलं ठेवून त्यात मेण वितळवा आणि जाड सुती कापडातून गाळा. झाकणांचं मेण एवढ्यात स्वच्छ होतं. काळ्या पोळ्याला आणखी एक फेरी लागते, तरी ते लख्ख पिवळं होणार नाही. ते तांबूस-तपकिरीच राहील, आणि तसंच असायला हवं. साच्याला स्टीलची वाटी किंवा सिलिकॉनचा साचा चालतो. स्टीलला आत साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा, वडी अलगद सुटेल.

सावधगिरीचं एवढं ऐकाच. मेण थेट आचेवर ठेवू नका आणि ते गॅसवर असताना फोन घ्यायला जाऊ नका. मेणाने पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण घाला. पाणी मुळीच मारू नका, भडका उडतो. उरलेलं मेणाचं पाणी मोरीत ओतू नका, नळी कायमची बसते. आणि हे सगळं दिवसा अंगणात करू नका. वास लागताच आजूबाजूच्या पेट्यांतल्या आणि जंगलातल्या माशा जमतात, लुटालूट सुरू होते. अंधार पडल्यावर, दारं-खिडक्या लावून करा.

ज्यांना गॅस नकोच, त्यांच्यासाठी उन्हाची पेटी. आतून काळी, वर काच, आत उतरता पत्रा आणि खाली गाळणी. मार्च ते मे आपल्याकडचं ऊन एवढ्याला पुरून उरतं. झाकणांचं मेण यात सुंदर निघतं, शिवाय उन्हाने रंग थोडा उतरतोही. काळ्या पोळ्याचा उतारा मात्र यात कमी मिळतो.

मेण पांढरं हवं असेल तर

मला विचाराल तर पिवळं मेण पांढरं करायची गरज नसते. पण पांढऱ्या मलमाला किंवा रंगीत मेणबत्तीला लागतं. मोठ्या प्रमाणावर हे काम रसायनांनी आणि शोषक मातीने करतात. घरी ऊन पुरतं. वडी किसणीवर किसा किंवा सोलाण्याने पातळ पापुद्रे काढा, पांढऱ्या कापडावर एकेरी पसरा, वरून पाणी शिंपडा, अधूनमधून परता. रंगद्रव्यं उजेडाने तुटतात आणि मेण हळूहळू फिकं होतं. हे डिसेंबर-जानेवारीत करा. मे महिन्यात गच्चीवर पसरलं तर दुपारपर्यंत कापडाला चिकटून बसेल. पिल्लांच्या पोळ्याच्या तपकिरी मेणावर हा उपाय फारसा चालत नाही.

थंडीत वडीवर पांढरी भुकटी येते. ती बुरशी नाही. मेणातलेच हलके घटक पृष्ठावर येतात. फडक्याने चोळा किंवा हेअर ड्रायरची ऊब द्या, जाते.

खरं-खोटं

मधाची ती पाण्यातल्या थेंबाची आणि काडी पेटवायची परीक्षा सोडून द्या. दाट पाकही पाण्यात तळाला जातो. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली, तेव्हा सगळ्या चाचण्यांत मिळून फक्त तीन उतरले. जे प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्यांनाही चकवू शकतं, ते तुमच्या-आमच्या काडीला काय सापडणार? खात्री हवी तर काढणाऱ्याला ओळखा, किंवा प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

मेणाचं थोडं सोपं आहे. भेसळ बहुधा पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या मेणाची. खऱ्या मेणाची गार वडी मोडली की मोड निस्तेज आणि रवाळ दिसतो. तुकडा बोटांत मळला तर मऊ होऊन आकार धरतो, चिकटत नाही. पॅराफिन अर्धपारदर्शक, निसरडं, आणि मधाचा वास नसलेलं. अगदी एकसारखा लिंबूपिवळा रंग सगळ्या वड्यांना असेल तर रंग घातल्याची शंका घ्यावी, कारण दोन हंगामांचं मेण कधी तंतोतंत एका रंगाचं निघत नाही.

कोणतं मेण कशाला

मेणपत्रे (माशांना पोळं बांधायला पेटीत द्यायचे मेणाचे पातळ पत्रे) करून घ्यायला देताना झाकणांचं आणि सुपरचं मेण द्या. काळ्या पोळ्याचं मेण मेणबत्तीला, लाकडाच्या पॉलिशला, शिवणाच्या दोऱ्याला. लिप बाम, मलम करणारे पिवळं, सुवासिक मेण मागतात, तिथे एक गोष्ट रंगावरून कळत नाही ती ध्यानात ठेवा. पुष्कळशी कीटकनाशकं मेणात विरघळतात आणि वर्षानुवर्षं साठत जातात. द्राक्षपट्ट्यात राहिलेल्या पेटीचं मेण कितीही सुंदर पिवळं दिसलं तरी ते ओठाला लावायच्या मालात घालू नका. त्यासाठी डोंगरपट्ट्यातल्या पेट्यांच्या ताज्या झाकणांचं मेण वेगळं वितळवा आणि वडीवर चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठीवर एवढं पुरतं: "पेठ, ऑक्टोबर, खुरासणी. झाकणांचं मेण. दोनदा गाळलेलं. रंग घातलेला नाही, उतरवलेला नाही."